देवाने दिलेला श्वास : तो कसा चालतो आणि पाड्यावर आपण तो का मोजतो





हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सातपुड्यातील पाड्यांवर थंडी चांगलीच वाढलेली असेल. या दिवसांत आपल्या आरोग्यसेविका एखाद्या घरी गेल्या की बाळाला आईच्या मांडीवर घ्यायला सांगतात, त्याचे झबले वर करतात आणि हातात घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या छाती-पोटाकडे पाहत बसतात. पावसाळ्यानंतर आपल्यापैकी काही जण पाड्यांना भेट देऊन गेले. त्यांतील एका भगिनीने निघताना विचारले, "औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसते बघत बसायचे. याने काय होते?"

प्रश्न रास्त होता. तेथे उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. श्वास कसा चालतो हे समजले की त्या एका मिनिटात सेविका काय शोधत असते तेही समजेल.

नाक, घसा आणि श्वासनलिका

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील मनुष्याच्या निर्मितीची हकीगत आपण सर्वांनी वाचली आहे. मातीच्या देहात जीव आला तो नाकावाटे. शरीरशास्त्राचा धडाही नाकापासूनच सुरू होतो.

नाक तीन कामे करते. आतले केस आणि चिकट, ओलसर अस्तर धूळ अडवते. अस्तराखालच्या रक्तवाहिन्या हवा ऊबदार करतात. आणि कोरड्या हवेला ओलावा मिळतो. पहाटेची बोचरी हवा फुप्फुसापर्यंत पोचते तेव्हा ती शरीराइतकीच ऊबदार झालेली असते. पहिले काही महिने तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्हणून साध्या सर्दीने नाक चोंदले तरी बाळ दूध ओढता ओढता सोडून देते आणि रडते. त्याला भूक असते, पण दूध आणि श्वास दोन्ही एकदम जमत नाहीत.

नाकातून हवा घशात येते. घसा हा अन्नाचा आणि हवेचा सामाईक रस्ता आहे. पुढे वाटा फुटतात तेथे एक लहानशी झडप असते. घास गिळताना ती हवेच्या वाटेवर झाकण धरते. जेवताना हसलो-बोललो की कधी कधी झाकण चुकते आणि ठसका लागतो. झडपेच्या खाली स्वरयंत्र आहे. बाहेर जाणाऱ्या श्वासाने त्यातील स्वरतंतू थरथरतात आणि आवाज निघतो. रविवारी आपण जी गीते गातो ती शरीराच्या दृष्टीने बाहेर टाकलेल्या हवेचीच असतात.

त्याखाली श्वासनलिका. मोठ्या माणसात ती सुमारे दहा-बारा सेंटिमीटर लांब असते. गळ्याच्या पुढच्या बाजूने हळूच बोट फिरवले तर तिच्या कडक कड्या हाताला लागतात. या कड्या कूर्चेच्या असतात आणि घोड्याच्या नालेप्रमाणे मागून उघड्या असतात. पुढून कडक असल्यामुळे नळी मिटत नाही. मागे लगेच अन्ननलिका आहे, तिला घास उतरताना फुगायला जागा मिळते.

छातीत उतरल्यावर श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात, एक उजव्या फुप्फुसाकडे आणि एक डाव्या. उजवी शाखा जरा रुंद आणि अधिक सरळ खाली जाणारी असते. त्यामुळे खेळता खेळता लहान मुलाच्या श्वासात गेलेला शेंगदाणा, फुटाणा किंवा चिंचोका बहुधा उजवीकडे सापडतो. अगदी लहान मुलांच्या हाती असे दाणे देऊ नयेत, हे आम्ही प्रत्येक माता-सभेत सांगतो. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. डावीकडे हृदयासाठी जागा सोडलेली आहे.

झाडाची पाने

पुढे प्रत्येक शाखेला शाखा फुटत जातात. सुमारे तेवीस वेळा फाटे फुटून शेवटी अतिशय बारीक नळ्या उरतात आणि त्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घडासारखे हवेचे सूक्ष्म फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. उलटे टांगलेले झाड डोळ्यांपुढे आणा: खोड म्हणजे श्वासनलिका, फांद्या म्हणजे तिच्या शाखा आणि पाने म्हणजे हे वायुकोश. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० ते ५० कोटींच्या घरात असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांची सदनिका.

एवढा पसारा कशासाठी? श्वसनाचे खरे काम येथेच होते. वायुकोशाची भिंत आणि तिला बिलगलेल्या केशवाहिनीची भिंत मिळून एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. या पडद्यातून ऑक्सिजन रक्तात शिरतो आणि शरीराने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते ऑक्सिजन उचलते आणि मेंदू, स्नायू, हृदय अशा प्रत्येक ठिकाणी पोचवते.

आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर टाकलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे आपण एका श्वासात थोडाच ऑक्सिजन वापरतो. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. दिवसाकाठी हे वीस हजारांच्या आसपास श्वास होतात आणि आपण क्वचितच त्यांतील एखादा ध्यानात घेतो.

भाता कोण ओढतो?

फुप्फुसाला स्वतःचे बळ नसते. ते स्पंजासारखे मऊ असते आणि आपणहून फुगू शकत नाही. फुगवण्याचे काम छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू करतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकसून खाली सरकतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर उचलतात, छातीची पोकळी मोठी होते आणि बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडला की हवा आत शिरते, तसेच. स्नायू सैल झाले की छाती आपल्या जागी येते आणि हवा बाहेर पडते.

या भात्याची दोरी मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या हाती आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा ऑक्सिजन फार घटला की ती स्नायूंना वेग वाढवायला सांगते. डोंगर चढताना धाप लागते ती यामुळेच. श्वासाचा वेग म्हणजे शरीराने दिलेला निरोप आहे: आत ऑक्सिजन पुरत नाही. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

मी न उघडलेली गोधडी

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी एका पाड्यावर गेले होते. पावरा कुटुंबातील सहा महिन्यांची मुलगी, दोन दिवस सर्दी. मी कपाळाला हात लावला, ताप फारसा नव्हता. खोकलाही थोडाच होता. ती गोधडीत गुंडाळलेली होती, खोपटात अंधार होता, खाली रस्त्यावर जीप थांबली होती आणि अजून दोन पाडे व्हायचे होते. मी गोधडी उघडली नाही. साधे औषध दिले आणि परवा येते म्हणाले.

परवा गेले तेव्हा मुलगी नव्हती. आईने सांगितले की त्याच रात्री तिचे पोट भात्यासारखे उडत होते आणि ती दूध तोंडात धरत नव्हती. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. चहा करून दिला.

त्या मुलीला न्यूमोनिया होता हे आज मी खात्रीने सिद्ध करू शकत नाही. पण मी एक मिनिट थांबून श्वास मोजले असते तर बहुधा मला ते कळले असते. त्यानंतर आपल्या कामात नियम झाला: सर्दी-खोकल्याचे बाळ दिसले की कपडे वर करायचे, उजेडात आणायचे आणि श्वास मोजायचे. कितीही घाई असली तरी.

न्यूमोनियात काय होते

न्यूमोनियात जंतू किंवा विषाणू वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांच्याशी झगडताना वायुकोशांत पाणी आणि पू साचतो. झाडाची पाने जणू चिखलाने माखतात. मग तेथे हवा आली तरी ऑक्सिजन रक्तात जाऊ शकत नाही. लंबमज्जा भाता जोरात ओढायला लावते आणि श्वास भरभर होऊ लागतो. ताप नसतानाही हे होऊ शकते, विशेषतः कुपोषित आणि अगदी तान्ह्या बाळांत. म्हणून कपाळावरचा हात फसवतो.

लहान मुलांनाच याचा एवढा धोका का? त्यांच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात, थोडी सूज आली तरी वाट बंद होत येते. त्यांच्या बरगड्या मऊ आणि आडव्या असतात, म्हणून छाती उचलण्यापेक्षा सगळा भार श्वासपटलावर पडतो. ते जोराने खाली ओढले गेले की पोट वर येते आणि मऊ छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "पोट उडतंय" म्हणतात, कोठे याला "डबा" म्हणतात. त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर असते. चूक होते ती पुढे. पोट उडते म्हणून दुखणे पोटातच आहे असे समजून तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देण्याची जुनी रीत मेळघाटासारख्या भागांत आहे. श्वासपटल कोठे असते हे आम्ही आता चित्र काढून दाखवतो. "तुम्ही पाहिलं ते खरं आहे, पण दुखणं एक वीत वर आहे," असे सांगितले की आजीबाईही ऐकतात. त्यांना अडाणी ठरवले तर कोणी ऐकत नाही.

एक मिनिट, किती श्वास?

बाळ शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच मंद, मध्येच जलद होतो. पोट किंवा छाती एकदा वर आली की एक श्वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा आहेत:

दोन महिन्यांच्या आतील बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक.
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा अधिक.
एक ते पाच वर्षे : ४० किंवा अधिक.

खोकला किंवा सर्दी असलेल्या बाळात यापेक्षा जास्त वेग दिसला तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी उपचार सुरू झाले पाहिजेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास भरभर चालत असेल तर त्याला नेहमी रुग्णालयातच न्यायचे. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, नाकपुड्या फुलणे, ओठ निळसर पडणे, दूध अजिबात न घेणे, झटके येणे किंवा बाळ सुस्त पडणे ही लक्षणे दिसली तर कोणत्याही वयात वाट पाहू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली दिसला तर बाळाला ऑक्सिजन लागणारच.

ही पद्धत डोंगरात चालते का, असे कोणी विचारले तर आपल्याच महाराष्ट्राचा दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेमार्फत गावातील कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्या गावांत हे झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. १९९० मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुष्कळ दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. दाईला अक्षर येत नव्हते, पण श्वास ओळखता येत होता.

धूर

श्वासनळ्यांच्या आतून अतिशय सूक्ष्म केस असतात. ते सतत वरच्या दिशेने हलत राहतात आणि चिकट कफासकट धूळ व जंतू घशाकडे लोटतात. घर झाडणारी ही केरसुणी दिवसरात्र चालू असते. धुराने हे केस आधी मंदावतात, मग झडतात. केर साचतो आणि जंतूंना घर मिळते.

पाड्यावरील खोपटात चूल आत असते, खिडकी नसते आणि थंडीत दारही बंद असते. स्वयंपाक करणाऱ्या आईच्या पाठीवर किंवा जवळच्या झोळीत बाळ असते. घरातील धुरामुळे लहान मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या मिळू लागल्या आणि आपल्या भागातही पुष्कळ घरी शेगडी आहे. पण सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आणि तो डोंगर चढवून आणण्याचा त्रास यामुळे बऱ्याच घरी शेगडी सणापुरती पेटते. धूर बाहेर नेणारे धुराडे, भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका आणि स्वयंपाकाच्या वेळी बाळाला ओसरीवर नेणे एवढे तरी आज शक्य आहे. बिडीचा धूरही धूरच आहे, हे बापांना सांगावे लागते.

मोठ्यांचा खोकला

बंद, अंधाऱ्या खोलीत आणखी एक रोग वाढतो, तो क्षय. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, म्हणून तो दिवस आपण जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतो. खोकणाऱ्या रुग्णाच्या श्वासातून जंतू हवेत येतात आणि त्याच हवेत श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांत जाऊन बसतात. तेथे ते वर्षानुवर्षे निपचित राहू शकतात आणि अंगातली शक्ती कमी झाली की उठतात. म्हणून उपासमार आणि क्षय बरोबर चालतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. पोषणासाठी रुग्णाला दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे. औषध मध्येच सोडू नये यासाठी कोणीतरी आठवड्याला दारात जाऊन विचारणारे लागते. हे काम आपल्या मंडळ्या करू शकतात.

भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यात ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. अशा मुलाला न्यूमोनिया झाला तर दुहेरी संकट येते. त्याची नोंद आधीच असेल तर आम्हांला लवकर हलता येते.

आपण काय करू शकता

त्या भगिनीला आता उत्तर देता येईल. त्या एका मिनिटात सेविका बाळाच्या वायुकोशांत काय चालले आहे ते बाहेरून वाचत असते. त्यासाठी लागते ते सेकंद-काट्याचे घड्याळ, ऑक्सिमीटर, औषधाच्या गोळ्या आणि रात्री-अपरात्री बाळाला खाली आणणारी गाडी. आपल्या देणग्यांतून या हिवाळ्यात हीच चार कामे होतील. लसीकरणाच्या दिवशी पाड्यावरून केंद्रापर्यंत मातांना आणण्याचा खर्चही त्यातूनच होतो. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली आहे, ती सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात द्यायची असते. तीनदा डोंगर उतरणे आईला सोपे नसते.

आणि आपल्या स्वतःच्या घरी नातवंडाला खोकला झाला तर आपणही त्याचे झबले वर करून एक मिनिट मोजावे. पाड्यावर आणि शहरात श्वास सारखाच चालतो.

प्रार्थनेसाठी विषय

१. या थंडीत पाच वर्षांखालील बालकांचे रक्षण व्हावे.
२. दूरच्या पाड्यांवर पायी जाणाऱ्या आरोग्यसेविका, आशाताई आणि दाया यांना बळ व सुरक्षितता मिळावी.
३. क्षयाचे औषध घेत असलेल्या बंधुभगिनींना ते पूर्ण करण्याचा धीर मिळावा.
४. ज्या घरांतील बाळे गेली त्या आईवडिलांचे सांत्वन व्हावे.
५. आमच्यासाठी, की कितीही घाई असली तरी आम्ही गोधडी उघडून पाहावी.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक परिचारिका भगिनी